व्हॅन दारासमोर नको : मुंबईतल्या गे नाइटविषयी खुले पत्र

प्रति,
मा. पोलीस आयुक्त, बृहन्मुंबई
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
मा. आयुक्त, राज्य उत्पादन शुल्क विभाग
आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेले २२७ नगरसेवक

विषय : तपासणी करावी, पण माणसांचे चेहरे बाहेर जाऊ नयेत, याबाबत.

महोदय, महोदया,

मुंबईत ज्याला ‘गे बार’ म्हणतात ती बहुतेक वेळा जागा नसते, रात्र असते. एखाद्या पबचा मालक गुरुवारची किंवा रविवारची मंदीची रात्र आयोजकाला देतो. तेवढे पाच-सहा तास समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स माणसे तिथे मोकळेपणी नाचतात. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलांवर कुठल्याशा ऑफिसची पार्टी बसते. कुलाब्यातल्या व्हूडू या पबची शनिवारची रात्र एका पिढीला पत्त्यासकट पाठ होती. पुढे पत्ते बदलत गेले, रीत तीच राहिली. ही रीत कशी चालते आणि कुठे मोडते हे आपल्या फाइलींतून कळणार नाही, कारण फाइलीत त्या रात्रीचे नाव बहुधा ‘खासगी समारंभ’ असे असते. म्हणून या रात्री भरवणाऱ्या आम्हा आयोजक-कामगारांचे हे पत्र. यात परवान्यात सूट, दारू विकायला जादा वेळ किंवा करमाफी मागितलेली नाही.

आधी पैशाचा हिशेब, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर उभे आहे. मालक रात्र देतो ती ‘मिनिमम गॅरंटी’वर. समजा त्याने दीड लाखाची विक्री मागितली. दोनशे माणसे आली तर माणशी साडेसातशे रुपयांत आकडा बसतो. गर्दी साडेअकरा ते साडेबारा या तासाभरात येते; घरचे जेवण उरकून, ‘मित्राकडे जातो’ असे सांगून निघालेली माणसे त्याआधी पोचत नाहीत. आता पावणेबाराला दारासमोर एक पोलीस व्हॅन येऊन उभी राहिली असे धरा. छापा नाही, कुणी आत गेले नाही, फक्त दिवा फिरतोय. कोपऱ्यावर रिक्षा-टॅक्सीतून उतरणारी माणसे ती पाहतात आणि तशीच परत फिरतात. ऐंशी जण आधीच आत होते, त्यांचे साठ हजार होतात. उरलेले नव्वद हजार आयोजकाच्या खिशातून जातात. असे दोनदा झाले की आयोजक संपतो, आणि पोलिसांच्या नोंदवहीत एक ओळही उमटत नाही. उपनगरातल्या रविवारच्या पबसमोर हीच व्हॅन उभी राहिली तर जोडपी ‘काय झालं?’ विचारून आत जातात. फरक गुन्ह्याचा नाही, ओळखले जाण्याच्या भीतीचा आहे.

या गॅरंटीचा आकडाही वर चढतोय. परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ वरून १० टक्के झाला. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क उत्पादन मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेले. १४ जुलै २०२५ ला राज्यातल्या बारमालकांनी बंद पाळला तो यावरूनच. मालकाचा नफा घटला की तो आठवड्यातली सर्वांत कटकटीची रात्र आधी काढून टाकतो. ती कुठली, हे सांगायला नको.

राजकारणात बार हा कायम सोयीचा विषय राहिला आहे. २००५ ची डान्स बारबंदी, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करणे, २०१६ चा नवा कायदा, जानेवारी २०१९ मध्ये त्यातल्या बऱ्याच अटी पुन्हा रद्द. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनातही एका बारच्या परवान्यावरून सत्ताधारी आणि विरोधक भिडले. सभागृहात ‘बार’ शब्द उच्चारला गेला की त्या आठवड्यात शहरभर तपासण्या वाढतात, आणि ज्यांचा विषयच नव्हता त्या भाड्याच्या रात्री निमूट रद्द होतात. (त्यात ड्राय डे. मुंबईतल्या प्राइडचा, म्हणजे आमच्या समाजाच्या मिरवणूक-कार्यक्रमांचा, काळ जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीचा, आणि २६ व ३० जानेवारी दोन्ही कोरडे. २०२६ मध्ये १५ जानेवारीच्या महापालिका मतदानाचे ४८ तासही जानेवारीतच. हे कॅलेंडर आधीपासून माहीत असते, त्याबद्दल तक्रार नाही.)

कायद्याचे चित्र मात्र कधी नव्हे इतके स्वच्छ आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून सज्ञानांचे संमतीचे संबंध वगळले गेले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहाचा हक्क दिला नाही, पण दोन पुरुषांनी एका परवानाधारक बारमध्ये नाचणे हा कुठल्याही कायद्याने गुन्हा ठरत नाही. तेव्हा कारवाई होते ती कडेच्या कलमांनी. महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम ११० म्हणजे सार्वजनिक जागी असभ्य वर्तन. न्याय संहितेचे २९६ म्हणजे अश्लील कृत्य. दारूबंदी कायद्याचे ६८ आणि ८४ म्हणजे विनापरवाना मद्यपानाची जागा आणि तिथे सापडलेला माणूस. कलम ११० किती ताणता येते हे ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-अक्सा भागात दिसले होते. हॉटेलच्या बंद खोल्यांतली सज्ञान जोडपी ‘सार्वजनिक जागी’ सापडली म्हणून त्यांना दंड झाला आणि नंतर खात्यालाच चौकशी लावावी लागली. २९६ चे पूर्वीचे रूप असलेल्या दंड संहितेच्या कलम २९४ विषयी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हटले आहे की तोकड्या कपड्यांत नाचणे एवढ्यावर अश्लीलता ठरत नाही. हा निकाल तपासणीला जाणाऱ्या प्रत्येक पथकाने वाचलेला असावा, ही अपेक्षा जास्त नाही.

आता आमची चूक, आणि ती मोठी आहे. मालक घाबरतो म्हणून कार्यक्रमाची नोंद ‘वाढदिवस’ किंवा ‘खासगी पार्टी’ अशी होते, आणि तिकीट मात्र ऑनलाइन विकले जाते. खासगी समारंभाला तिकीट नसते. तिकीट आले, ठरलेला डीजे किंवा मंचावर कलाकार आला की तो सार्वजनिक करमणुकीचा कार्यक्रम होतो, आणि त्याला सादरीकरणाची परवानगी लागते. संगीताच्या हक्कांची पावतीही ‘खासगी’ म्हणून काढलेली असेल तर ती त्या रात्रीला लागू नसते. पथक आले की नेमका हाच धागा सापडतो आणि मग कारवाई कायदेशीरच ठरते. आयोजकांनी खरे नाव लिहायला शिकले पाहिजे. पण खरे नाव लिहिलेला अर्ज टेबलावर नुसता पडून राहतो, नकार कधी मिळत नाही, हेही खरे. ‘साहेब सुट्टीवर आहेत’ या उत्तराला अपील नसते. म्हणून ही परवानगी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली मुदतीत बसवा. अर्जात कार्यक्रमाचा प्रकार, वेळ, अपेक्षित संख्या, डीजे-कलाकारांची संख्या एवढे विचारा; प्रेक्षक कोण, हे विचारू नका. नकार द्यायचा तर कारणासह लेखी द्या. लेखी नकार आम्हाला चालतो, त्याविरुद्ध पुढे जाता येते.

या पत्राचे मुख्य मागणे चित्रीकरणाबद्दल आहे, आणि त्यात एक गोंधळ आहे तो आधी काढू. ‘पोलिसांनी व्हिडिओ काढू नये’ असे समाजमाध्यमांवर लिहिले जाते. ते चूक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण बंधनकारक आहे, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे जायला हवे. ही तरतूद आमच्याही फायद्याची आहे. झडतीत काय सापडले आणि काय ‘सापडवले’ गेले याचा तोच पुरावा. पण हे कलम झडतीचे आहे. नाचणाऱ्यांना भिंतीशी ओळीने उभे करून एकेकाच्या तोंडावर टॉर्च मारायचा आणि कुणाच्या तरी खासगी मोबाइलवर तो व्हिडिओ घ्यायचा, ही झडती नव्हे. सकाळपर्यंत तो व्हॉट्सअॅपवर असतो, दुपारी एखाद्या वाहिनीवर धूसर पट्टीसह, आणि पट्टी इतकी पातळ की आईला मुलगा ओळखू यावा. दंड भरून सुटलेल्या माणसाची नोकरी दंडाने जात नाही, त्या काही सेकंदांच्या व्हिडिओने जाते. भाड्याची खोलीही जाते. लग्न झालेले काही जण असतात, त्यांचे काय होते ते इथे लिहीत नाही.

त्यावर उपाय साधे आहेत. चित्रीकरण एकाच शासकीय उपकरणावर, पोलिसांच्या ई-साक्ष्य या डिजिटल पुरावा प्रणालीतच व्हावे, आणि कुणी केले त्याचे नाव पंचनाम्यात यावे. कॅमेरा काउंटर, साठा, नोंदवही, जप्त वस्तू आणि पंचांच्या सह्या यांवर असावा. पाहुण्यांकडे वळवायचा तर ज्याच्यावर प्रत्यक्ष आरोप आहे त्याच्याकडेच. पथकातल्या इतरांचे फोन खिशात. पत्रकार पथकाबरोबर येणार नाहीत. माहिती द्यायची तर दुसऱ्या दिवशी प्रेसनोटमधून, आकड्यांत. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) उचलायचा असेल तर पंचनाम्यात त्याचा अनुक्रमांक आणि हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये बदल झाला नाही हे दाखवणारी डिजिटल खूण) लिहा. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश लागतेच, त्यामुळे हे जादा काम नाही. बारच्या आत सीसीटीव्हीची सक्ती खासगीपणावर घाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डान्स बारच्याच खटल्यात सांगितले. प्रवेशद्वार आणि गल्ला यांवर कॅमेरे असावेत, त्याला आमची ना नाही. डान्स फ्लोअर आणि प्रसाधनगृहाकडे जाणारा बोळ यांवर नकोत.

ओळखपत्राचेही तसेच. वय तपासलेच पाहिजे : बिअर आणि वाइनला २१, बाकी मद्याला २५. एक दिवसाचा पाच रुपयांचा परवाना ही तर आपल्या राज्याची खासियत. पण वय पाहायला कार्ड बघणे पुरते. दारावरचा मुलगा आधारचा फोटो काढून ‘डोअर’ नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो, ते कशासाठी हे त्यालाही सांगता येत नाही. गेस्ट लिस्ट एखाद्या उघड्या स्प्रेडशीटमध्ये, नाव-नंबरासकट, वर्षभर पडून असते. हा दोष आयोजकांचा आहे. यादीत पहिले नाव आणि तिकिटाचा क्रमांक एवढेच असावे आणि ती दुसऱ्या दुपारी पुसावी. उत्पादन शुल्क विभागाने एका परिपत्रकात ‘ओळखपत्र पाहावे, प्रत ठेवू नये’ एवढे लिहिले तर मालकांना धीर येईल. आज ते भीतीपोटी सगळेच साठवतात.

दाराबद्दल थोडक्यात. ‘स्टॅग एंट्री नाही’ (म्हणजे जोडीदाराशिवाय आलेल्या पुरुषाला प्रवेश नाही) या पाटीच्या हिशेबात दोन पुरुष म्हणजे जोडपे नव्हे, दोन स्टॅग. एरवीच्या रात्री समलिंगी जोडपी तिथेच अडतात. ट्रान्स स्त्रियांना ‘आज फुल आहे’ असे सांगतात, मागून येणाऱ्या चौघांना मात्र आत सोडतात. ट्रान्सजेंडर व्यक्ती कायदा, २०१९ च्या कलम ३ मध्ये सार्वजनिक सेवा नाकारण्याला मनाई आहे, आणि घटनेच्या कलम १५(२) मध्ये उपाहारगृहे आणि करमणुकीच्या जागा नावानिशी आहेत. अंगझडतीच्या दोन रांगा असतात. कुठल्या रांगेत जायचे हे माणसाने ठरवावे, बाउन्सरने नव्हे.

ड्रॅग कलाकार, म्हणजे बाईचा वेश करून सादरीकरण करणारा पुरुष, मंचावर आला की हमखास प्रश्न येतो : हा ‘बाई नाचवण्या’चा प्रकार का? २०१६ च्या कायद्याच्या शीर्षकातच बारमध्ये काम करणाऱ्या महिलांची प्रतिष्ठा आहे. मिशीवर मेकअप चढवून ओठ हलवणारा पुरुष त्यात कसा बसवायचा, हे पथकाला कळत नाही. ज्या महाराष्ट्रात बालगंधर्वांचे शालू पाहून घरंदाज बायकांनी साड्या निवडल्या आणि तमाशाच्या फडात नाच्याशिवाय वग उभा राहिला नाही, तिथे हे कोडे पडावे याची गंमत वाटते.

आगीबाबत आम्ही आपल्या बाजूने आहोत, किंबहुना चार पावले पुढे. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलमध्ये १४ जण गेले, ६ डिसेंबर २०२५ ला गोव्यात हडफड्याच्या क्लबमध्ये २५. भाड्याच्या रात्रीत धोका जास्त असतो, आणि त्याची कारणे ठरावीक आहेत. मालक आपल्या माणसांना सुट्टी देतो, त्यामुळे मागचे दार कुठे उघडते हे त्या रात्री कुणालाच ठाऊक नसते. दुसरे, लोक घरून साध्या कपड्यांत येतात आणि तिथे बदलतात. क्लोकरूम नसली की पिशव्या मागच्या जिन्यात साठतात. तिसरे, ‘बाहेरून कुणी पाहू नये’ म्हणून खिडक्यांवर आणि कधी आपत्कालीन दारावरही काळा पडदा लावतात. तो कापडी असतो, आणि पेटतो. राष्ट्रीय इमारत संहितेच्या हिशेबात उभ्या दाट गर्दीला माणशी साधारण ०.६५ चौरस मीटर धरतात. ६० चौरस मीटरच्या फ्लोअरवर नव्वदच्या वर माणसे नकोत. अग्निशमन दलाने आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याच्या जानेवारी आणि जुलैच्या ‘बी’ प्रमाणपत्राबरोबर ही कमाल संख्या दारावर पाटीने लावायला लावावी. आयोजकाने हातात काउंटर घेऊन माणसे मोजावीत. ही तपासणी रात्री अकराला करा, अगदी गे नाइटलाही करा. गणवेशातले दोन अग्निशामक आत आले तर कुणी पळत नाही.

आवाजाच्या तक्रारी बहुधा खऱ्या असतात. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५, आणि खासगी जागेच्या हद्दीवर ५ डेसिबलपेक्षा जास्त भर नको. पण भांडण वेगळ्याच कारणाने पेटते. मीटर ‘ए’ भारांकावर मोजतो, आणि त्यात ६३ हर्ट्झच्या बासला सुमारे २६ डेसिबल कमी धरले जातात. वरच्या मजल्यावरच्या आजोबांची खाट हलत असते आणि मीटर नियमात असतो. दोघेही खोटे बोलत नाहीत. सबवूफर जमिनीवर न ठेवता रबराच्या बैठकीवर ठेवावा, भिंतीपासून हलवावा, ४० हर्ट्झखालचे कापावे, आणि आत-बाहेर दोन दारांचा बोळ करून एका वेळी एकच दार उघडावे. इतक्याने बहुतेक तक्रारी मिटतात. नगरसेवकांना इथे विनंती आहे. आपल्या लेटरहेडवर ‘अनैतिक प्रकार चालतात’ असे लिहून येते, तेव्हा त्याचा तपास कुणालाच करता येत नाही आणि व्हॅन तेवढी येते. तारीख, वेळ, आवाज की पार्किंग की रस्त्यावरची गर्दी, एवढे लिहा. ते दुरुस्त करता येते.

दीड वाजता बार बंद होतो. शेवटची लोकल साडेबारा ते एकच्या दरम्यान गेलेली असते, पहिली चारनंतर. माहीम-शीवच्या दक्षिणेला रिक्षा नाही, मध्यरात्रीनंतर टॅक्सीला सव्वापट भाडे. दीडच्या ठोक्याला दोनशे माणसे एकदम फुटपाथवर येतात, त्यातल्या काहींच्या चेहऱ्यावर अजून ग्लिटर असते आणि घरी ते पुसून जायचे असते. शेजाऱ्यांना जो गोंगाट ऐकू येतो तो हाच. दीडला विक्री आणि संगीत बंद करून दोनपर्यंत पाणी देत लोकांना आत बसू द्यावे, एकेक टॅक्सी आली की सोडावे. या अर्ध्या तासासाठी मालकावर गुन्हा दाखल होऊ नये.

लुटारूही याच अडीच-तीन तासांची वाट पाहतात. डेटिंग ॲपवरून ‘मी जवळच आहे’ म्हणून बोलावतात, गल्लीत तिघे निघतात, कधी त्यातला एक ‘पोलीस’ असतो. फोन हिसकावून यूपीआयने पैसे वळवतात, आणि ‘घरी सांगू’ हे शेवटचे वाक्य असते. हा खंडणीचा गुन्हा आहे, न्याय संहितेचे कलम ३०८. तोतया लोकसेवकाला २०४. पेयात काही मिसळले असेल तर १२३. माणूस ठाण्यात जात नाही, कारण पहिला प्रश्न ‘तिथे कशाला गेला होतास?’ हा असतो. त्या प्रश्नाचा गुन्ह्याशी संबंध नाही, तो विचारू नये. झीरो एफआयआर घ्यावी, हद्द नंतर पाहावी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक तक्रार घेऊन तीन दिवसांत सही घेता येते, तेव्हा रात्री अडीचला ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवू नये. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवायला सांगावे. तासाभरात कळले तर खात्यात अडवता येतात, सकाळी नाही. घरच्या पत्त्यावर हवालदार पाठवू नये, फोन करावा. आणि एक पोकळी आपण सरकारकडे कळवावी : ३७७ गेल्यावर सज्ञान पुरुषावरच्या लैंगिक बळजबरीला नव्या संहितेत थेट कलम उरलेले नाही. ठाणे अंमलदाराला तोवर दुखापत, धाक आणि डांबून ठेवण्याची कलमे नीट जोडता आली पाहिजेत.

हे सगळे नव्याने शोधायचे नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या जून २०२१ च्या आदेशानंतर तमिळनाडूने २०२२ मध्ये पोलिसांच्या वर्तणूक नियमांतच २४-सी हा नियम घातला : या समाजातल्या व्यक्तींना पोलिसांनी त्रास देऊ नये. एका ओळीचा नियम आहे, पण शिस्तभंगाची कारवाई त्याला जोडलेली आहे. महाराष्ट्रात तो आणणे गृह विभागाच्या हाती आहे; आयुक्तालयाने प्रस्ताव पाठवावा.

तोवर एक गोष्ट उद्यापासून करता येईल आणि तिला मंत्रालय लागत नाही. गस्तीची व्हॅन दारापासून शंभर पावलांवर, वळणाच्या पलीकडे उभी करा, दिवा बंद ठेवून. लुटारूंना ती तिथून जास्त चांगली दिसेल. आत यायचे असेल तर दोघे चालत या, दारावरच्या माणसाला नाव सांगा आणि परवाना मागा. परवाना काउंटरच्या मागे काचेत लावलेला असतो.

आपले,
या रात्री भरवणारे आयोजक, दारावर उभे राहणारे आणि काउंटरमागचे कामगार
मुंबई